साप्ताहिक रसिकता : अमेरिकन सुपरहीरो-कॉमिक्स आणि आवडीची समीक्षा

१

साहित्यसमीक्षेला पूर्ण झालेल्या कृतीची सवय आहे. कादंबरी, नाटक किंवा कवितासंग्रह समीक्षकाच्या हाती येतो तो आदि, मध्य आणि अंत यांसह; आणि त्याच्या संघटनेचा, अर्थवत्तेचा व परिणामाचा विचार अखेरच्या पानावर उभे राहून करता येतो. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराला अखेरचे पानच नाही, त्याचे मूल्यमापन कोणी करावयाचे आणि कोठे उभे राहून करावयाचे, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही. अमेरिकेतील सुपरहीरो-कॉमिक्स हा असा प्रकार आहे. १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि त्याची कथा अद्याप संपलेली नाही. त्याचे मूळ निर्माते निवर्तले, लेखक-चित्रकारांच्या कित्येक पिढ्या आल्या आणि गेल्या, दहा सेंटला मिळणारा चौसष्ट पानांचा अंक जाऊन चार-पाच डॉलरचा, वीस-बावीस पानांच्या कथेचा अंक आला. नायक मात्र तरुणच राहिला.

समीक्षकाला अडविणारी ही अडचण या प्रकाराच्या वाचकाला अडवीत नाही. अमेरिकेत खास कॉमिक्सची दुकाने आहेत. तेथे नवे अंक दर आठवड्याला येतात, आणि बुधवार हा त्यांचा वार म्हणून दीर्घकाळ रूढ आहे. नियमित गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या मालिकांची यादी दुकानदाराकडे देऊन ठेवलेली असते. त्याचे अंक बाजूला काढून ठेवले जातात. ते घरी नेऊन वाचायचे, त्यांतले कोणते सरस, कोणते नीरस हे ठरवायचे आणि आपल्या आवडीचा क्रम समानधर्मी वाचकांपुढे मांडायचा, ही चाहत्यांची जुनी रीत. ‘या आठवड्याचे आवडते अंक’ असे या यादीचे साधे स्वरूप. विद्यापीठीय दृष्टीला ती पोरकट वाटणे स्वाभाविक आहे. तरीही न संपणाऱ्या कृतीचा सामना करणारी समीक्षा जर कोठे घडत असेल, तर ती प्रथम येथे घडते. सबंध कथेविषयी निर्णय देणे अशक्य असल्यामुळे हा वाचक एका अंकाविषयी निर्णय देतो, आणि पुढच्या आठवड्यात तो बदलण्याची मोकळीकही ठेवतो. या साप्ताहिक रसिकतेचे बळ कशात आहे आणि तिची मर्यादा कोठे सुरू होते, हे तपासण्यासारखे आहे.

२

अंक हे या प्रकाराचे खरे एकक होय. अंकाचे पान, पानावरील चौकटी आणि चौकटींमधील मोकळी जागा यांतून त्याचे निवेदन घडते. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या चित्ररूप प्रबंधात या मोकळ्या जागेला मध्यवर्ती स्थान दिले. एका चौकटीत उगारलेला हात असतो, पुढच्या चौकटीत कोसळलेला देह. मधला प्रहार वाचकाने आपल्या मनात पूर्ण करावयाचा असतो. चित्रपटात प्रेक्षकाला काळ दिला जातो. येथे वाचक तो स्वतः निर्माण करतो. म्हणून कॉमिक्सचा जाणता वाचक कथानकाबरोबरच रचना पाहतो, आणि त्याच्या आवडीला आधार असतो तो बहुधा रचनेचाच.

याचे ठळक उदाहरण ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १९७३ सालच्या १२१व्या अंकात सापडते. जेरी कॉनवे यांनी लिहिलेल्या आणि गिल केन यांनी रेखाटलेल्या या अंकात नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून खाली फेकली जाते. स्पायडर-मॅन आपल्या जाळ्याचा धागा सोडतो, तो तिच्या पायाला अचूक चिकटतो, ती वर येते; आणि ती मृत असते. शत्रूने तिला मारले, की वाचविणाऱ्या हातानेच तिचा जीव घेतला? निःसंदिग्ध उत्तर अंकात दिलेले नाही. मात्र धागा ताणला जातो त्या चौकटीत, तिच्या मानेजवळ, काही मोडल्याचा ध्वनी दाखविणारे एक बारीक अक्षरचिन्ह आहे. चाहत्यांनी ते चिन्ह पाहिले आणि त्यावर वाद घातला. नंतरच्या एका अंकातील पत्रव्यवहाराच्या सदरात संपादकांना खुलासा करावा लागला की अचानक बसलेल्या हिसक्यानेच तिचा मृत्यू झाला होता. शक्ती आणि उत्तरदायित्व यांचे नाते हा ज्या मालिकेचा गाभा, तिच्यात शक्तीचा सद्हेतूने केलेला वापरच घातक ठरावा, ही शोकात्म जाणीव एका अक्षरचिन्हात सामावलेली होती. ती वाचणाऱ्या नजरेला सूक्ष्म वाचनाची नजर म्हणण्यास हरकत नसावी.

दुसरे उदाहरण १९९२ सालचे आहे. त्या काळी सुपरमॅनच्या चार मासिक मालिका निघत आणि त्या एकमेकींत गुंफून एकच कथा आठवड्यागणिक पुढे नेली जाई. वाचनाचा क्रम कळावा म्हणून मुखपृष्ठावर त्रिकोणात क्रमांक छापीत. सुपरमॅनच्या मृत्यूची कथा अशीच साप्ताहिक हप्त्यांनी आली. अखेरच्या चार अंकांपैकी पहिल्यात पानागणिक चार चौकटी आहेत, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन; आणि नोव्हेंबरात निघालेल्या ‘सुपरमॅन’च्या ७५व्या अंकात प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र. चौकटी जसजशा कमी होतात, तसतशी त्यांच्यामधली मोकळी जागाही नाहीशी होते. वाचकाने मनात पूर्ण करावे असे काही उरत नाही. जे आहे ते फक्त पाहावयाचे. अपरिहार्यतेचा हा अनुभव संवादांतून नव्हे, पानाच्या मांडणीतून येतो. सारी कथा एका ग्रंथात सलग वाचणाऱ्यास ही मांडणी दिसेल. परंतु आठवडाभर थांबून पुढचा अंक उघडणाऱ्याला त्या आकुंचनाचा जो प्रत्यय आला असेल, तो ग्रंथाच्या वाचकाला मिळणे कठीण. हप्त्यांमधील प्रतीक्षा हाही या वाङ्मयप्रकाराच्या रचनेचाच भाग आहे.

३

अशा कथेत काळाचे काय होते? उंबेर्तो एको यांनी सुपरमॅनवरील आपल्या १९६२ सालच्या निबंधात याची मार्मिक मीमांसा केली आहे. पुराणकथेचा नायक पूर्ण झालेला असतो. त्याचे चरित्र श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. कादंबरीचा नायक घडत जातो. प्रत्येक कृतीने तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकतो. सुपरमॅनला दोन्ही व्हावयाचे आहे. त्याने दर अंकात काहीतरी नवे केले पाहिजे, आणि तरीही झिजता कामा नये. म्हणून त्याच्या कथांत आधी काय घडले आणि नंतर काय, हे धूसर ठेवले जाते. काळ स्वप्नासारखा होतो. एको यांना यात एक सामाजिक धोकाही दिसला : ज्याच्या कृतीला काळ नाही त्याच्या कृतीला परिणामही नाही, आणि अशा नायकाची सवय झालेल्या वाचकाला जग बदलण्याची जबाबदारी जाणवेनाशी होते.

मराठी वाचकाला परिचित असलेला एक नायक येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. ली फॉक यांचा फँटम १९३६ साली वृत्तपत्रीय चित्रमालिकेतून आला, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने तो भारतीय भाषांत नेला आणि मराठीत तो ‘वेताळ’ झाला. वेताळ अमर आहे अशी जंगलातील लोकांची समजूत; वास्तवात तो मरतो, आणि त्याचा मुलगा तोच वेश चढवून, तीच शपथ घेऊन गादीवर बसतो. एको यांनी दाखविलेल्या पेचावर फॉक यांनी शोधलेला हा उपाय विलक्षण साधा आहे. मुखवटा अमर, माणूस मर्त्य. सुपरमॅनच्या बाबतीत हेच सत्य कथेबाहेर घडते : नायक बदलत नाही, त्याला लिहिणारे आणि रेखाटणारे बदलतात. प्रत्येक नवा लेखक हा एका अर्थी एकविसावा वेताळ असतो.

एको यांचे निरीक्षण त्या काळच्या अंकांना तंतोतंत लागू पडत होते. परंतु त्यांचा निबंध लिहिला जात असतानाच परिस्थिती पालटू लागली होती. १९६१ साली ‘फॅन्टॅस्टिक फोर’ आणि १९६२ साली स्पायडर-मॅन आल्यानंतर अंकाअंकांत कार्यकारणाचा धागा राहू लागला. कालची जखम आज दुखू लागली. हा बदल ज्यांच्यासाठी झाला तो नियमित वाचकच होता, कारण मागचा अंक आठवणारा वाचक नसेल तर सातत्याला अर्थ राहत नाही. या प्रवृत्तीचे टोक म्हणजे डीसी कॉमिक्सने मे २००६ ते मे २००७ या काळात दर आठवड्याला काढलेली ‘५२’ ही मालिका. बावन्न आठवडे, बावन्न अंक, आणि प्रत्येक अंकातील कथाकाळही एका आठवड्याचाच. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वूमन हे तिन्ही प्रमुख नायक त्या वर्षी जगापुढे नाहीत अशी कल्पना करून चार लेखकांनी दुय्यम पात्रांची कथा रचली. वाचक एका आठवड्याने मोठा झाला की पात्रेही एका आठवड्याने मोठी होत. एको यांना जो स्वप्नकाळ दिसला होता, त्याच्या जागी येथे वाचकाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा काळ आला. न झिजणाऱ्या नायकांना बाजूला सारल्यावरच हे शक्य झाले, यातच या प्रकाराचे मर्म आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात.

४

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर सुपरहीरो-कथेचा रस वरकरणी वीर आहे, पण तिचा खरा आधार अद्भुत आहे. उत्साहापेक्षा विस्मय हा तिचा स्थायीभाव. आणि विस्मयाची अडचण अशी की तो पुनरावृत्तीने क्षीण होतो. आकाशात उडणारा माणूस १९३८ साली विस्मयकारक होता; हजाराव्या अंकात त्याचे उडणे म्हणजे चालणे. तेव्हा नियमित वाचकाचा साप्ताहिक निर्णय अखेर एवढ्यावर येऊन ठेपतो की या वेळी जुन्याच सामग्रीतून विस्मय पुन्हा निर्माण झाला की नाही. पुष्कळ वाचल्याने ज्याचे मन विशद झाले आहे तो सहृदय, अशी अभिनवगुप्तांची कल्पना आहे. अभ्यासाच्या अंगाने पाहता हा चाहता त्या कल्पनेच्या बराच जवळ येतो. परंतु सहृदयाला तन्मयतेबरोबर तटस्थताही लागते. स्वतःच्या ममत्वाचे ओझे बाजूला ठेवल्याखेरीज साधारणीकरण होत नाही. चाहत्याची कसोटी लागते ती येथे.

चाहत्यांची वाचकसंस्था कशी घडली हे पाहिले म्हणजे या कसोटीचे स्वरूप स्पष्ट होते. १९६०च्या सुमारास डीसीच्या अंकांतील पत्रव्यवहाराच्या सदरात लेखकांचे संपूर्ण पत्ते छापले जाऊ लागले. विखुरलेले वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले. १९६१ साली डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनी, मिसूरीतील रॉय थॉमस यांच्या सहकार्याने, ‘ऑल्टर इगो’ हे हस्तोद्योगाच्या स्वरूपाचे नियतकालिक सुरू केले. जुन्या अंकांच्या सूची, निर्मात्यांची नावे, मतभेद आणि मूल्यमापन यांना तेथे जागा मिळाली. थॉमस पुढे मार्व्हलमध्ये लेखक झाले आणि १९७२ साली स्टॅन ली यांच्यानंतर मुख्य संपादक. वाचक, समीक्षक आणि लेखक यांच्यातील भिंती इतक्या पातळ असणे हे या प्रकाराचे वैशिष्ट्य होय.

मात्र वाचकाची आवड आणि वाचकाची सत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत. १९८८ साली बॅटमॅनच्या ४२७व्या अंकाच्या शेवटी त्याचा तरुण साथीदार जेसन टॉड, म्हणजे दुसरा रॉबिन, स्फोटात सापडतो. तो जगावा की मरावा हे वाचकांनी पैसे मोजून दूरध्वनीने ठरवावयाचे होते. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने पडली आणि ५,२७१ जीवनाच्या. बहात्तर मतांच्या फरकाने एक पात्र मेले. पात्र अनेकांना नावडते होते हे खरे. पण नावड व्यक्त करणे हा रसिकाचा अधिकार असला, तरी कथेतील मृत्यूला कथेतूनच कारण मिळावे लागते. ग्वेन स्टेसीच्या मृत्यूत जी शोकात्मता होती ती जेसनच्या मृत्यूत येऊ शकली नाही, याचे एक कारण हे की तो कोणत्याही जाणिवेतून घडला नाही, मोजणीतून घडला.

बाजारानेही या आवडीचा उपयोग करून घेतला. सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला. पुढे किंमत वाढेल या आशेने अनेकांनी एकाहून अधिक प्रती घेतल्या, आणि किंमत टिकावी म्हणून पिशवी फोडायची नाही असा संकेत रूढ झाला. प्रत्येक पानावर एकेक चित्र मांडून ज्या अंकाने आपल्या रचनेची पराकाष्ठा केली, त्याच्या असंख्य प्रती न वाचता जपून ठेवण्यात आल्या. रसिकतेचा याहून मोठा पराभव कल्पिणे कठीण. सट्ट्याचा तो फुगा लवकरच फुटला, पुष्कळ दुकाने बंद पडली, आणि १९९६च्या अखेरीस मार्व्हलवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. जी दुकाने टिकली, त्यांना आधार होता तो दर आठवड्याला अंक नेऊन खरोखर वाचणाऱ्या गिऱ्हाइकाचा.

५

या प्रकारातील सर्वांत गंभीर प्रश्न मात्र अजून बाकी आहे, आणि तो नैतिक स्वरूपाचा आहे. चाहता प्रेम करतो ते कोणावर? नायकावर, की त्याला घडविणाऱ्या हातांवर? जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. पुढील चार दशकांत त्या नायकाने अपार संपत्ती निर्माण केली. निर्माते हलाखीत राहिले. १९७५ साली चित्रकार नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी केलेल्या प्रयत्नांमुळे दोघांना वार्षिक २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन मिळाले आणि त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. त्या सबंध काळात सुपरमॅनवरील वाचकांचे प्रेम आटले नव्हते. ते निर्मात्यांपर्यंत पोहोचत नव्हते, एवढेच.

बॅटमॅनची कथा अधिक बोलकी आहे. १९३९ साली आलेल्या या नायकाचा निर्माता म्हणून दीर्घकाळ बॉब केन यांचे एकट्याचे नाव छापले गेले. परंतु पहिली कथा बिल फिंगर यांनी लिहिली होती. नायकाच्या वेशाची ओळखीची रूपरेषा, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे नगर यांत त्यांचा मोठा वाटा होता. ही गोष्ट उजेडात आणली ती कोणा प्राध्यापकी समीक्षकाने नव्हे किंवा प्रकाशनसंस्थेने नव्हे. १९६५ साली जेरी बेल्स यांनी फिंगर यांच्याशी बोलून चाहत्यांच्या एका नियतकालिकात त्यांच्या श्रेयाविषयी लिहिले, तेव्हा केन यांनी ते प्रतिपादन जोरदारपणे नाकारले. फिंगर १९७४ साली निधन पावले. २०१२ साली मार्क टायलर नोबलमन यांनी फिंगर यांचे सचित्र चरित्र प्रसिद्ध केले आणि त्यांच्या वारसांचा माग काढून प्रश्न पुन्हा उभा केला. २०१५ साली, म्हणजे नायकाच्या जन्मानंतर शहात्तर वर्षांनी, बॅटमॅनच्या निर्मितीत फिंगर यांचे नाव अधिकृतपणे आले. बेल्स यांचे टिपण आणि हे श्रेय यांच्यात अर्ध्या शतकाचे अंतर आहे. ‘कोण सरस’ या प्रश्नावरून ‘कोणी केले’ या प्रश्नाकडे वळलेला एक चाहता संशोधनाच्या पन्नास वर्षे पुढे होता.

श्रेयाचा हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही, तो समीक्षेचाही आहे. मार्व्हलच्या साठीतील कार्यपद्धतीत लेखक कथेची ओझरती रूपरेषा देई, चित्रकार तिच्यातून सबंध अंकाचे प्रसंग, गती आणि रचना उभी करी, आणि संवाद नंतर लिहिले जात. मग जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिटको यांना केवळ चित्रकार म्हणणे म्हणजे निवेदनाची शक्ती कोठे आहे हेच न ओळखणे होय. ज्याला पानाची मांडणी वाचता येते, त्याला ही चूक सहसा होत नाही. रचनेचे ज्ञान आणि श्रेयाचा न्याय या दोन गोष्टी येथे एकमेकींशी जोडलेल्या आहेत. जो केवळ कथानक वाचतो त्याला नायक दिसतो. जो पान वाचतो त्याला हात दिसतो.

मराठीतील अनुभवही याहून निराळा नाही. इंद्रजालवर वाढलेल्या पिढीला वेताळ, त्याचा पांढरा घोडा आणि कवटीची गुहा आजही आठवते. परंतु तो प्रथम रेखाटणारे रे मूर किंवा १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्याला आकार देणारे साय बॅरी ही नावे तितक्या सहज ओठांवर येत नाहीत. चित्रकथा या प्रकाराला वाङ्मयाच्या विचारात अद्याप स्थिर जागा नसणे आणि तिच्या कर्त्यांची नावे स्मरणात नसणे, ही एकाच उपेक्षेची दोन रूपे आहेत.

तेव्हा ‘या आठवड्याचे आवडते अंक’ या साध्या यादीकडे कसे पाहावयाचे? ती समीक्षेची जागा घेऊ शकत नाही. आठवड्याचे अंतर फार थोडे असते; त्यात ममत्व, सवय आणि पूर्वस्मृती यांची सरमिसळ होते, आणि कथेचे तपशील मागच्या अंकांशी जुळतात की नाही यालाच कलात्मक मूल्य समजण्याची चूकही होते. परंतु ज्या कृतीला शेवट नाही तिच्याविषयी अंकागणिक, नाव घेऊन, कारण देऊन निर्णय करण्याचे धैर्य त्या यादीत असते, आणि ते अभ्यासकांनी घेण्यासारखे आहे. तिचा कस एकाच गोष्टीवरून लागावा : यादीत नायकाच्या नावापुढे लेखक, चित्रकार, रंग भरणारा आणि फुग्यांतील अक्षरे घडविणारा यांची नावे आहेत की नाहीत. ती असली, तर आवड तेथे केवळ ग्राहकाची पसंती राहत नाही. ती साक्ष होते, आणि अशा साक्षीवरच या वाङ्मयप्रकाराचा पुढचा इतिहास लिहिता येईल.